नंबराच्या जागी मायचं नाव

जमादारानं अंगठ्याला थुंकी लावली आणि माझ्या मायच्या नावावर घासली. अक्षरांत बसलेली धूळ निघाली, नाव स्वच्छ दिसायला लागलं, आणि तो म्हणाला, "हे बघा. इथं नंबर होता. ह्यानं पुसला."

ह्यानं म्हणजे माझ्या मोठ्या भावानं. दादा ठाण्याच्या ओसरीत भिंतीला टेकून उकिडवा बसला होता. शेजारचं बाकडं रिकामं होतं. त्याला बस असं कुणी म्हणलं नव्हतं, आणि दादा न सांगता बाकड्यावर बसणाऱ्यातला नाही.

हे लिहायला घेईपर्यंत माझा राग निवलेला असेल असं मला वाटलं होतं. निवलेला नाही.

मी शिरूर अनंतपाळला कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. आमचं गाव तिकडं मुखेड तालुक्यात. त्या दिवशी मुलांचं प्रात्यक्षिक चालू होतं तेव्हा वहिनीचा फोन आला. "भावजी, ह्यांला ठाण्यात नेलंय. कोळप्यासकट." तेवढं बोलून ती रडायला लागली. उदगीरपर्यंत एसटी आणि तिथून मुखेडची गाडी धरून मी निघालो. सगळ्या रस्त्यानं मला वाटत होतं की काहीतरी गैरसमज झाला असेल, मी जाऊन नीट बोललो की दादा सुटेल. घरातल्या पहिल्या शिकलेल्या माणसाला असं वाटतं. त्याला त्याच भरवशावर शिकवलेलं असतं. तलाठी असो, बँक असो, दवाखाना असो, कुठं अडलं की आपला माणूस बोलेल.

मी बोललो. "जमादार साहेब, ते माझ्या आईचं नाव आहे."

"बरं. मग?"

"आई वारली. तिची आठवण म्हणून दादानं घालून घेतलंय."

"घरी फोटो न्हाई का तिचा?" तो शेजारच्या शिपायाकडं बघून हसला. "लोक फोटोला हार घालतात, हे इंजिनवर नाव घालून राहिलेत. आणि एवढं मोठं इंजिन, त्यात बाकी कुठं जागा भेटली न्हाई? नेमकी नंबराचीच भेटली?"

मी दादाकडं बघितलं.

"तीच जागा सपाट होती," दादा म्हणाला.

शिपाई मोठ्यानं हसला. जमादार मात्र हसला नाही. तो माझ्याकडं वळला आणि समजुतीच्या सुरात बोलायला लागला. ते समजुतीचं बोलणं मला हसण्यापेक्षा जास्त लागलं. "सर, तुम्ही शिकलेले दिसता. आता तुम्हीच सांगा. रोज गाड्या चोरीला चालल्यात. चोर काय करतो? गाडी खोलतो, इंजिन काढतो आणि पहिलं काम नंबर घासतो. तुमचा भाऊ म्हणतो, मला मालूम न्हाई तो कशाचा नंबर. ज्याला मालूम न्हाई तो बरोबर तेवढाच घासतो का?"

ठाण्याच्या आवारात, धरून आणलेल्या मोटारसायकलींच्या रांगेत, आमचं कोळपं उभं होतं. तिथं ते फार केविलवाणं दिसत होतं. 

सोयाबीनच्या दोन ओळींमधलं तण काढायला पूर्वी बैलाचं कोळपं चालायचं. बैल कमी झाले तसं गावोगावच्या वेल्डिंगवाल्यांनी जुन्या मोटारसायकलचं इंजिन लोखंडी सांगाड्यावर बसवून, मागं कोळप्याची पात लावून यंत्रं बनवायला सुरुवात केली. हँडल धरून मागं चालायचं. दादानं तसंच बनवून घेतलं होतं. आमचं रान झालं की तो ते टेम्पोत घालून दुसऱ्यांच्या रानात न्यायचा. त्या दिवशी असाच जाताना रस्त्यावर तपासणी लागली होती. टेम्पो थांबवला, जमादारानं इंजिनच्या डाव्या बाजूला वाकून बघितलं, आणि जिथं नंबर ठोकलेला असतो तिथं त्याला एका बाईचं नाव दिसलं. खाली 'स्मरणार्थ'.

ते नाव तिथं का होतं हे मला दादाकडून थोडं थोडं करून कळलं, आणि कळल्यावर मला हसावं की रडावं हे समजेना. मग फक्त राग आला.

आमची माय जन्मभर खुरपायला गेली. आपलं रान थोडं, तेही कोरडवाहू. ते झालं की दुसऱ्यांचं. मी नांदेडला खोली करून शिकलो तो सगळा खर्च तिच्या खुरप्यातून आणि दादाच्या शाळा सोडण्यातून निघाला. दादा आठवड्याला ज्वारीच्या भाकरी, चटणी आणि कधी कधी तुपाची बाटली एसटीच्या ड्रायव्हरकडं देऊन पाठवायचा. मी एम.एस्सी. झालो तेव्हा मायची पाठ सरळ होत नव्हती. ती उभी राहिली तरी काहीतरी शोधत असल्यासारखी जमिनीकडं वाकलेली असायची. दादा म्हणायचा, तुझ्या हयातीत तुला एक यंत्र घेऊन देतो आणि बांधावर बसवतो. यंत्र झालं तेव्हा ती नव्हती. म्हणून दादानं ठरवलं की त्याच्यावर तिचं नाव घालायचं.

आमच्याकडं भांड्यावर नाव घालतात. लग्नातलं भांडं असो की कुणाच्या आठवणीत देवळाला दिलेली समई असो, बाजारात विजेची लेखणी घेऊन बसणारा असतो, तो टरर्र करत नाव कोरून देतो. आणि भांडं जुनं घेतलेलं असेल, त्यावर आधीच्या मालकाचं नाव असेल, तर ते आधी घासून काढायचं आणि मग आपलं घालायचं. आमच्या घरात एक पितळी घागर आहे. ती मायनं जुनीच घेतली होती. त्यावर कुठल्यातरी बाईचं नाव होतं. मला आठवतं, माय त्या कोरणाऱ्याला म्हणाली होती, "आधीचं नीट घास रं बाबा. दुसऱ्याच्या नावाचं पाणी प्यायचं न्हाई." आधीचं नाव तसंच ठेवून वापरणं आमच्यात बरं समजत नाहीत. त्यात आधीच्या घरधनिणीचा जीव अडकतो, असं बायका म्हणतात.

दादानं इंजिनच्या बाबतीत नेमकं हेच केलं. आठवडी बाजारात त्या कोरणाऱ्याला कोळप्यापाशी घेऊन आला. कोरणारा म्हणाला, बाकी सगळं खडबडीत हाय, एवढीच जागा गुळगुळीत हाय, पण इथं आधीच काहीतरी घातलेलं हाय. दादा म्हणाला, असेल आधीच्या मालकाचं. आणि शेजारच्या वेल्डिंगच्या दुकानातून ग्राइंडर आणून त्यानं स्वतः ती जागा घासली. भर बाजारात, भर दुपारी, चार लोकांच्या देखत. चोरी लपवायला निघालेला माणूस असं करतो का? हे मी जमादाराला विचारलं. तो म्हणाला, "हुशार चोर तसंच करतो, सर."

संध्याकाळी दादाला घरी सोडलं, पण रोज येऊन हजेरी लावायची आणि गाव सोडायचं नाही असं सांगून. कोळपं ठाण्यातच राहिलं. निघताना जमादारानं मला सांगितलं, इंजिन कुणाकडून घेतलं त्याला आणा, तो म्हणू दे की मी दिलं. झालं.

मला वाटलं, हे तर सोपं आहे. कारण इंजिन देणारा परका नव्हता. आमचा मावसभाऊ होता. नांदेडला त्याचं गॅरेज आहे, जुन्या गाड्या घेतो, खोलतो, भाग विकतो. मावशी लवकर गेली, तेव्हा तो आमच्याच घरी वाढला होता. मायच्या हातचं जेवला होता, माझ्यासोबत एका पांघरुणात झोपला होता.

मी दुसऱ्या दिवशी सकाळीच नांदेड गाठलं. तो दुकानासमोर खुर्ची टाकून चहा पीत होता. मला बघून त्याला आनंद झाला, निदान तसं वाटलं. "या प्राध्यापक! आज कसं काय गरिबाकडं?"

मी सगळं सांगितलं. सांगता सांगता त्याच्या हातातला कप खाली गेला.

"दादानं नंबर घासला?" तो म्हणाला. "येडं का काय ते?"

"त्याला माहीत नव्हतं. तू देताना सांगायचं होतंस."

"काय सांगायचं? इंजिनला नंबर असतो हे सांगायचं असतंय का? अरे, माणूस दाताला हात लावून बघतो का, की दात हायेत म्हणून?" 

"ते जाऊ दे. तू फक्त ठाण्यात ये आणि सांग की इंजिन तू दिलं आणि देताना नंबर होता."

तो उठून आत गेला, परत आला, पुन्हा बसला. "कुणाची गाडी होती ती, आता ध्यानात न्हाई. लातूरकडची होती, ट्रकखाली चेंबलेली. कागदबिगद काय केला न्हाई तेव्हा. आता मी ठाण्यात गेलो की ते म्हणणार, दाखव कागद. मग दुकानातलं प्रत्येक इंजिन उलटं करून बघणार. माझं पोट हाय ह्याच्यावर."

"दादाचं नाही?"

"तसं न्हाई म्हणत मी. हे बघ, माझ्याकडनं गेलं तेव्हा नंबर होता, हाव का न्हाई? मग पुसला कुणी? दादानं. मग मी मधी कुठं येतो?"

"तू मधी येत नाहीस. तू मायच्या ताटात जेवलास."

"ते काढू नको," तो म्हणाला. त्याचा आवाजही चढला. "उपकार काढायचे असले तर जेवण घालू नये. आणि हे बघ, ठाण्यात माझं नाव घेतलं तर मी सरळ म्हणणार, मी ओळखतच न्हाई. मग बघा काय करायचं ते."

मी त्याचा चहा न घेता उठलो. बसस्टँडपर्यंत चालत गेलो आणि चालता चालता मोठ्यानं बोलत होतो. लोक बघत होते. मी त्या मावसभावाला ओळखत नाही, असं मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत होतो, आणि त्याचं वाक्य माझ्याच तोंडात आलंय हे मला मुखेडला उतरल्यावर कळलं.

गावात तोपर्यंत बातमी पसरली होती. हॉटेलसमोरून मी आणि दादा जात होतो, तर आतून एकानं हाक मारली, "काय मालक, आज कुणाचं इंजिन?" सगळे हसले. त्यांच्यातल्या निम्म्यांच्या रानात दादानं कोळपणी केली होती. दादानं मान वर केली नाही. मी वळलो, तर त्यानं माझा दंड धरला. "चल. त्यांला कुठं मालूम हाय."

हेच मला सहन होत नव्हतं. जमादाराच्या बोलण्यावर तो म्हणायचा, त्याचं कामच हाय. मावसभावाबद्दल सांगितलं तर म्हणाला, त्याला बी लेकरंबाळं हायेत. पूर्ण जगाला तो कारणं काढून देत होता. त्याच्या वाट्याचाही राग मलाच करावा लागत होता.

ठाण्यातले फौजदार रजेवरून आले तेव्हा त्यांनी मला बसायला सांगितलं. ते तरुण होते, बोलायला बरे होते. त्यांनी सांगितलं की घासलेला नंबर परत वर आणता येतो. नांदेडहून तज्ज्ञ येऊन इथंच ते काम करून देतात. नंबर आला की गाडी कुणाची, चोरीला गेली होती की नाही, सगळं दिसतं. गाडी चोरीची नसेल तर विषय संपला. "फक्त," ते म्हणाले, "त्या जागेवर तुमच्या आईचं नाव आहे. ते काढावं लागेल."

मला ते सांगायला तज्ज्ञ नको होता. मी हे मुलांना शिकवलेलं आहे. धातूवर नंबर ठोकतात तेव्हा वरची खाच दिसते तेवढीच नसते. ठोक्याच्या दाबानं खाचेखालचा धातूही दबतो. वरून घासलं तर खाच जाते, पण खालचा दबलेला थर राहतो. तिथं योग्य रसायन लावलं की दबलेला भाग आणि न दबलेला भाग वेगवेगळ्या गतीनं झिजतात, आणि गेलेला आकडा सावलीसारखा वर येतो. पण त्यासाठी आधी ती जागा आरशासारखी गुळगुळीत करावी लागते. नंबराच्या वर मायचं नाव कोरलेलं होतं. एक वाचायचं तर दुसरं पुसायलाच लागणार होतं.

दादा नाही म्हणाला.

मला वाटलं त्याला समजलं नाही, म्हणून मी पुन्हा समजावलं. तो म्हणाला, "समजलं. नाव काढायचं न्हाई."

"मग ते तुला चोर ठरवतील."

"ठरवू दे. मी चोर न्हाई हे मला मालूम हाय, तुला मालूम हाय. मायला मालूम हाय. अजून कुणाला सांगायचं?"

"कोर्टाला सांगायचं! दादा, गुन्हा दाखल होईल. पोराच्या नोकरीची चौकशी आली तर? पोरीला स्थळ बघायचं तेव्हा लोक विचारतील."

"मी एकदा नाव घातलं. ते माझ्या हातानं पुसणार न्हाई."

वहिनी चुलीपाशी होती. तव्यावरची भाकरी तिनं तशीच जळू दिली. मी ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा मी दादावर ओरडलो. त्याला हट्टी म्हणलं, अडाणी म्हणलं. तो ऐकून घेत बसला. तो असा ऐकून घेतो तेव्हा माझा राग आणखी वाढतो, हे त्याला लहानपणापासून माहीत आहे, तरी तो बदलत नाही.

शेवटी मी खिशातून पंचनाम्याची प्रत काढली. ती मला फौजदारांनी दिली होती, आणि ती दादाला दाखवायची नाही असं मी ठरवलं होतं. मी मोठ्यानं वाचली. सदर इंजिनच्या डाव्या बाजूस, मूळ क्रमांक नष्ट केलेल्या जागी, पुढीलप्रमाणे नाव कोरलेले आढळून आले. आणि पुढं मायचं पूर्ण नाव. आमच्या बापाच्या नावासह, आडनावासह.

"हे वाच. तुझं नाव नाहीये दादा, तिचं आहे. संशयित मालाची खूण म्हणून तिचं नाव लिहिलंय त्यांनी. हे कागद तालुक्याला जाणार, जिल्ह्याला जाणार. जन्मात ती ठाण्याची पायरी चढली नाही आणि आता चोरीच्या मालावर तिचं नाव आहे. तू ते इंजिनवर राखून ठेवशील, पण ह्या कागदावर ते कसलं म्हणून राहील?"

दादानं कागद घेतला. त्याला वाचता येतं, पण हळू. तो बराच वेळ एकाच ओळीवर बोट ठेवून होता. मग त्यानं कागद नीट घडी करून मला दिला.

"काढ म्हणावं," तो म्हणाला.

तज्ज्ञ आला त्या दिवशी ऊन पडलं होतं. तो मध्यम वयाचा, कमी बोलणारा माणूस होता. त्यानं कोळपं आवारातल्या कडुलिंबाखाली घ्यायला लावलं, नावाचा फोटो काढला, आणि मग दादाकडं बघून विचारलं, "सुरुवात करू?" त्यानं विचारलं, एवढ्याबद्दल मी त्याचा अजून ऋणी आहे. दादानं मान हलवली.

आधी जाडा पॉलिश पेपर, मग बारीक, मग त्याहून बारीक. पहिल्या काही घासांतच 'स्मरणार्थ' गेलं, कारण ते उथळ कोरलेलं होतं. मायचं नाव खोल होतं. दादानं कोरणाऱ्याला सांगितलं असणार, खोल घाल, टिकलं पाहिजे. ते जाता जाईना. तज्ज्ञ थांबून घाम पुसायचा आणि पुन्हा घासायचा. ॲल्युमिनियमचा काळा लगदा त्याच्या बोटांना लागला होता. मी दुसरीकडं बघत होतो. दादा मात्र शेवटचं अक्षर जाईपर्यंत बघत राहिला.

मग कापसाचा बोळा द्रावणात बुडवून त्यानं ती जागा पुसायला सुरुवात केली. पुसायचा, थांबायचा, निरखायचा. चकचकीत पृष्ठभाग हळूहळू मळकट झाला. त्यात आधी एक अक्षर उमटलं, मग त्याच्या शेजारी आकडा. जमादारही जवळ आला आणि आम्ही सगळे डोकी एकत्र करून वाकलो. सुरुवातीची अक्षरं इंजिन कुठल्या मॉडेलचं ते सांगतात, मग वर्ष, महिना, कारखाना आणि शेवटी त्या इंजिनचा स्वतःचा क्रमांक, असं तज्ज्ञ सांगत होता. शेवटून दुसऱ्या जागी तीन की आठ ते नीट कळत नव्हतं. तिथं मायच्या आडनावाचा काना खोल गेला होता.

दोन्ही आकडे लावून संगणकावर बघितलं. एक क्रमांक दूरच्या जिल्ह्यातल्या, अजून रस्त्यावर चालणाऱ्या गाडीचा निघाला. दुसरा लातूरच्या एका माणसाच्या गाडीचा. चोरीची तक्रार नव्हती. जमादारानं तिथल्या तिथं त्या माणसाला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. आवाज म्हाताऱ्या माणसाचा होता. हो, म्हणाला, गाडी माझीच, ट्रकनं मागून ठोकली, पायात अजून सळई आहे. नांदेडच्या एका गॅरेजवाल्यानं भंगारात नेली. मग त्यानं विचारलं, "काय झालं साहेब, त्या इंजिनचं?"

"कोळपं केलंय त्याचं," जमादार म्हणाला.

"म्हणजे चालू हाय?" म्हातारा फोनवर हसला. "लई चांगलं झालं. मला वाटलं, वितळवलं असेल."

ह्या सगळ्या प्रकरणात कुणी आनंदानं बोललेलं मी एवढंच ऐकलं.

जमादारानं फोन ठेवला आणि हात झटकले. "चला. सुटला तुमचा भाऊ. पेढे कुठं हायेत, सर?"

माझं डोकं फिरलं. मी विचारलं की इतके दिवस दादाला जमिनीवर बसवलं, गावात त्याला चोर म्हणायला लागले, त्याचं काय?

"काय केलं आम्ही? मारलं? शिवी दिली?" त्याला खरंच नवल वाटलं होतं. "नंबर असता तर आम्ही टेम्पो हातानं पुढं ढकलला असता. नंबर कुणी घासला? सांगा की. मी घासला?"

त्याचं म्हणणं चूक नव्हतं, आणि तेच मला आजपर्यंत झोंबतंय. मावसभावाचंही चूक नव्हतं, नंबर होताच. फौजदारांचं चूक नव्हतं. सगळे आपापल्या जागी बरोबर होते आणि सगळ्यांच्या बरोबर असण्याची किंमत एका वाकलेल्या बाईच्या नावानं मोजली. तिनं कधी कुणाचं दमडीचं खाल्लं नाही. मी एवढं शिकलो ते ह्यासाठी, की माझ्याच विषयातलं रसायन तिच्या नावावर लावताना मी शेजारी नुसतं उभं राहावं?

तज्ज्ञानं निघताना दादाला सांगितलं, ह्या जागेवर ग्रीस लावून ठेवा, म्हणजे नंबर दिसत राहील. आणि जमादारानं बोट रोखून सांगितलं, "त्या जागेला परत हात लावायचा न्हाई. नाव न्हाई, फूल न्हाई, कायबी न्हाई. परत नंबर दिसला न्हाई तर मी विचारत बसणार न्हाई."

कोळपं घरी आलं तेव्हा सोयाबीन गुडघ्याच्या वर गेलं होतं, ओळी मिटल्या होत्या. त्या वर्षी दुसरी कोळपणी झालीच नाही. वहिनी आणि दोन बायका खुरपं घेऊन बसल्या. मावसभावाचा फोन आला. त्याला कुठून तरी कळलं होतं. "बघ, मी म्हणलं होतं ना, नंबर होता." मी फोन कापला. तो अजून दिवाळीला फोन करतो. दादा त्याच्याशी बोलतो. मी बोलत नाही.

दादा तेव्हापासून रोज त्या जागेवर ग्रीस लावतो. इतर कुठं धूळ असली तरी चालते, तिथं नसते. कुणी नवीन माणूस यंत्र बघायला आला की दादा आपणहून वाकतो, ग्रीस पुसतो आणि दाखवतो, "हे बघा, नंबर हाय." न विचारता. मला ते बघवत नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आम्ही अवजारांची पूजा करतो. खुरपी, विळे, वखराची पास, फवारणीचा पंप, सगळं धुऊन ओसरीत मांडतो. मी सुट्टीला गेलो होतो. कोळपंही धुऊन उभं केलं होतं, हँडलला झेंडूचा हार होता. दादा हळदीकुंकवाची वाटी घेऊन एकेकाला बोट लावत आला. मायचं खुरपं अजून आहे, पात झिजून बोटाएवढी राहिली आहे, त्याला लावलं. मग कोळप्यापाशी आला. चाकाला लावलं, हँडलला लावलं, पेट्रोलच्या टाकीला लावलं. खाली वाकला, डाव्या बाजूला बोट नेलं, आणि थांबला. बोट तसंच मागं घेऊन त्यानं ते टाकीवर दुसऱ्यांदा टेकवलं.

"दादा, तिथं लाव की."

"नको. ती सरकारी जागा हाय."

मी उठलो, वाटीत बोट बुडवलं आणि त्या नंबरावर, जिथं मायचं नाव होतं बरोबर तिथं, चांगलं ठसठशीत कुंकू लावलं. तीन का आठ, कळत नव्हतं त्या आकड्यावर. दादानं माझ्याकडं बघितलं. तो रागावला नाही, घाबरला. मायच्या खुरप्यापुढं, माझ्यापुढं, स्वतःच्या ओसरीत तो घाबरला. त्यानं धोतराचा सोगा घेतला आणि ते कुंकू पुसून टाकलं. मग बराच वेळ पुसत राहिला, आकड्याच्या रेघांत लाल उरू नये म्हणून.